‘आय ओरिजिन्स’: पुनर्जन्माला बुबुळांचा पुरावा चालेल का?

कासचा_वारा, सातारा:
शनिवारी मित्राच्या गच्चीवर माइक केहिलचा ‘आय ओरिजिन्स’ (२०१४) पाहिला. मेलेल्या बाईची बुबुळं दिल्लीतल्या एका मुलीत तंतोतंत सापडतात, अशी गोष्ट. नंतर जो वाद पेटला तो इथे आणतोय. माझ्या मते कल्पना हवेतली नाही. स्टीव्ह मॅकरीनं १९८४ मध्ये हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला. २००२ मध्ये ती सापडली, तेव्हा केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी बुबुळं जुळवून ओळख पक्की केली. केहिलनं प्रेरणा घेतली ती तिथून. सनडान्स चित्रपट महोत्सवात विज्ञानपटांचं स्लोन पारितोषिकही मिळालं, त्याच्या २०११ च्या ‘अनदर अर्थ’लाही मिळालं होतं.

खंडाळ्याचा_बोगदा:
अरे, डॉगमनचं काम तर तुझ्याच विरुद्ध जातंय! बुबुळाची नक्षी पोटात असतानाच, बरीचशी योगायोगानं घडते. एकसारख्या जुळ्यांची वेगळी, एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या डोळ्याचीही वेगळी. जे जनुकांना जमत नाही ते आत्म्याला कसं जमणार? आणि ती अफगाण बाई दोन्ही वेळा जिवंत होती, हे विसरू नकोस. दाभोलकरांच्या साताऱ्यात बसून हे सांगावं लागतंय, काय राव.

मावशी_सदाशिवपेठ:
दाभोलकरांना कशाला मध्ये ओढता? इथे कोणी अंगारा विकत नाहीये. ‘समजा, असं झालं तर?’ एवढंच विचारलंय. शिवाय त्या मुलीला गेल्या जन्मातलं काही आठवतं का, याची चाचणी घेतात तेव्हा निम्मी उत्तरंही बरोबर येत नाहीत. दिग्दर्शकाला फसवायचंच असतं तर सगळी बरोबर दाखवली असती.

खंडाळ्याचा_बोगदा:
मावशी, ती बाई लिफ्टच्या अपघातात मेलेली, म्हणून मग लगेच लिफ्टचा प्रसंग येतो, तिथे कसे सगळे गहिवरतात! रस्त्यावर वाढलेलं पोर पहिल्यांदा लिफ्ट बघून किंचाळलं, तर त्यात गेल्या जन्माचं काय? चाचणीत नापास आणि संगीतात पास.

कासचा_वारा:
लिफ्टचं फोडलंस ना शेवटी. ज्यांनी पाहिला नाही त्यांची माफी तू माग.

कंदी_पेढा:
विज्ञान राहू दे. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. गोऱ्या शास्त्रज्ञाला आत्मा हवा झाला की तो थेट भारतात, तेही गरीब अनाथ मुलीकडेच. आपल्याकडच्या प्रयोगशाळेत कोणी बसलेलं दाखवायला काय झालं होतं?

मावशी_सदाशिवपेठ:
हे मात्र पटलं. त्या मुलीला स्वतःचं असं काही मागणंच नाही सिनेमात.

खंडाळ्याचा_बोगदा:
भारतात नाही तर कुठे जाणार? पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत दिलं. तेव्हापासून दोन्ही बुबुळं सरकारजमा. आत्म्यानं पत्ता बदलला तरी केवायसी इथेच करावी लागणार.