‘रानहळद’ लिहावं का?

अक्षरा_परभणी: शेतकऱ्यांसाठीच्या एका पुस्तिकेचं मराठी करतेय. त्यात कर्क्युमा अरोमॅटिका आणि आपली नेहमीची हळद, म्हणजे कर्क्युमा लाँगा, यांची तुलना आहे. पहिलीला ‘रानहळद’ लिहिलं, तर वसमतचे मामा म्हणाले, “म्हंजे आमच्या रानातलीच की!” आपल्याकडं रान म्हणजे शेत. मग काय लिहू?

गोदाकाठ: बदलू नका. रानडुक्कर म्हटल्यावर शेतात पाळलेलं डुक्कर कुणाच्या मनात येतं?

शब्दवेल्हाळ: ‘वनहरिद्रा’ हा नेमका शब्द असताना शोधाशोध कशाला?

वसमतकर: ताई, वनहरिद्रा लिहिलं तर आमच्याकडं पुढं कुणी वाचायचं नाही. शब्द कोणताबी ठेवा, पण ओळख नीट लिहा. तिचं पान खालून चोळलं की मखमली लव लागते, आपल्या हळदीचं गुळगुळीत. कंद फिकट, वास कापरासारखा. २०२४ ला वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तिच्यात असलं काही मिसळायला नको.

सह्यभटका: रानडुकराचा दाखला इथं लागू पडत नाही. ते गावडुकराचंच रानटी रूप. लाँगा मात्र बेण्यावरच लावतात, ती सहसा बी धरत नाही आणि रानात आपोआप वाढलेली सापडत नाही. रानहळद ही वेगळीच जात. शिवाय सह्याद्रीत रानहळद म्हणून दाखवतात ती तिसरीच, स्यूडोमोंटाना. ती भर पावसाळ्यात फुलते, फुलं पिवळी, वर गुलाबी-जांभळा तुरा. अरोमॅटिकाचा दांडा पावसाच्या तोंडावर, बहुधा पानांच्या आधी येतो.

शब्दवेल्हाळ: मुळात ‘हळ’ म्हणजे नांगर. नांगरून लावायची ती हळद. तिला ‘रान’ जोडणंच विसंगत.

गोदाकाठ: नाही हो. हरिद्रा, प्राकृतात हलिद्दा, मग हळद. नांगर आला कुठून? आणि दारुहळद तर हळदीच्या कुळातलीसुद्धा नाही, काटेरी झुडूप आहे ते. तरी नाव टिकलंच ना?

अक्षरा_परभणी: ‘आंबेहळद’ चालेल? मुका मार लागला की आजी तीच उगाळायची.

वसमतकर: खरी आंबेहळद निराळी, तिला कैरीचा वास. पण काष्ठौषधीच्या दुकानात अरोमॅटिकाबी त्याच नावानं देतात. आजीच्या लेपाला वास कशाचा यायचा, कैरीचा का कापराचा?

अक्षरा_परभणी: कापराचा. पण त्यात रक्तचंदनही असायचं.

गोदाकाठ: आमच्याकडं तुरटीपण घालत. लेप कोमट करूनच लावायचा ना?