पद्मिनीला पुढे डिस्क बसवल्यावर ब्रेक धरून राहतायत, मदत हवी आहे

मंडळी, घरची जुनी प्रीमियर पद्मिनी. चारही चाकांना ड्रम होते. पुढे डिस्क आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बसवून घेतले, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला प्रेशर देणारा) मात्र ड्रमचाच ठेवलाय. गार असताना चाक हाताने मोकळं फिरतं. ट्रॅफिकमधून चालवली की पेडल वरच कडक होतं, गाडी ओढल्यासारखी चालते आणि पुढच्या रिम तापतात. दोन्ही बाजूंना सारखंच, त्यामुळे एखादा कॅलिपर जाम किंवा होज (ब्रेक ऑइलचा रबरी पाइप) आतून फुगलाय असं वाटत नाही. त्याच अवस्थेत ब्लीड निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) जरा सैल केला की ब्रेक ऑइलची चिळकांडी उडते आणि चाक लगेच सुटतं. म्हणजे प्रेशर आतच अडकतंय.

ड्रमच्या मास्टरमध्ये सुमारे १० पीएसआय प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, डिस्कला तो नको, एवढं ठाऊक आहे. पण मग गार असताना त्रास का नाही? की पुशरॉडला (पेडलपासून मास्टरला ढकलणारा दांडा) फ्री प्ले, म्हणजे थोडी मोकळी जागा, नसल्यामुळे ऑइल परत जायचं छिद्रच झाकलं जातंय? गॅरेजवाला म्हणतो, 'पॅड घासून नीट बसले की होईल.' अजिबात पटत नाही.

आधी काय तपासू? आणि व्हॉल्व्ह काढला तर मागच्या ड्रमचं काय, त्या लाइनवर वेगळा बसवता येतो का? कुणी स्वतः केलं असेल तर जरूर सांगा.