जंक रिमूव्हलच्या (अडगळ उचलून नेण्याच्या) कामाला १ मिलियनचा विमा पुरेल का? शुक्रवारपर्यंत विम्याचं सर्टिफिकेट हवंय

म. जो.: नमस्कार मंडळी, एडिसनचं ते अपार्टमेंटचं काम मिळतंय, तळघरं रिकामी करायची आहेत. मॅनेजमेंटला जनरल लायबिलिटी (इतरांना इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) दर घटनेला २ मिलियन डॉलर हवी. माझी दर घटनेला १ आणि वर्षाची एकूण २ आहे. एजंट म्हणतो, मूळ पॉलिसी तशीच ठेवा आणि वर अंब्रेला (मूळ लिमिट संपल्यावर पुढची रक्कम देणारी पॉलिसी) घ्या. चालेल का? न्यू जर्सीचं ए-९०१ (कचरा वाहतुकीचं) लायसन्स आहे, ती अडचण नाही.

व. का.: एजंटचं बरोबर आहे, पण आधी करारातलं विम्याचं कलम वाचा. 'प्रायमरी आणि एक्सेस मिळून' (मूळ आणि वरची पॉलिसी मिळून) असं लिहिलं असेल तर १ वर १ची अंब्रेला चालते. तसे शब्द नसतील तर इमेलवर मागून घ्या, फोनवरच्या 'हो'वर थांबू नका. अंब्रेलाच्या शेड्यूलमध्ये (खालच्या पॉलिसींच्या यादीत) जीएल म्हणजे जनरल लायबिलिटी, ऑटो आणि वर्कर्स कॉम्पमधली (कामगारांच्या दुखापतीच्या विम्यातली) एम्प्लॉयर्स लायबिलिटी, तिन्ही दिसायला हव्यात. ही शेवटची बहुतेकांची १००/५००/१०० हजार असते (दर अपघाताला/आजारांसाठी एकूण/आजारासाठी दर कामगाराला). अंब्रेलावाले बरेचदा ५००/५००/५०० मागतात. ती वाढवायची राहिली तर मधली रक्कम तुम्हालाच भरावी लागते.

स. दे.: काका, सगळे जीएलवरच अडकतात. या धंद्यात ऑटोची लिमिट जास्त महत्त्वाची, आणि ती फक्त रस्त्यावर लागत नाही. सोफा ट्रकमध्ये चढवायला जागेवरून हलवला की लोडिंग सुरू झालं. हातांनी किंवा हँड ट्रकने (हाताने ढकलायच्या गाड्यावरून) नेताना तो जिन्यात निसटून भाडेकरूच्या पायावर पडला, तर जीएलवाले ऑटोचं एक्स्क्लूजन (वगळणारं कलम) दाखवतात आणि दावा ऑटो पॉलिसीकडे जातो. तेच सामान ट्रकला न जोडलेल्या स्किड स्टीअरने (छोट्या लोडर यंत्राने) उचललं तर जीएलकडे. म्हणून ऑटोही १ मिलियन कम्बाइन्ड सिंगल लिमिट (इजा आणि मालाचं नुकसान मिळून एकच मर्यादा) ठेवा आणि जमलं तर दोन्ही पॉलिसी एकाच कंपनीच्या घ्या, म्हणजे दोन कंपन्यांच्या टोलवाटोलवीत दावा लटकत नाही. न्यू जर्सीत १ जुलै २०२४पासून १०,००१ ते २६,००० पौंड जीव्हीडब्ल्यूआरच्या (मालासकट कमाल मान्य वजनाच्या) कमर्शियल गाडीला किमान ३ लाख डॉलर लागतात, २६,००१पासून पुढे १.५ मिलियन. म. जो., तुमचा १४,५०० पौंडी ट्रक ३ लाखांत कायद्याने बसतो, पण तेवढ्यावर अंब्रेला मिळणं अवघड.

प्र. ना.: चार चाकांची फर्निचर डॉलीही हँड ट्रकमध्येच धरतात का?

स. दे.: पॉलिसीत शब्द 'हँड ट्रक' एवढाच आहे. हाताने ढकलायची डॉली सहसा त्यातच धरली जाते. मोटरवर जिना चढणारी असेल तर एजंटकडून लेखी घ्या.

कार्यवाह: धंद्याचे प्रश्न मंडळाच्या या लिस्टवर नकोत हे वार्षिक सभेत ठरलंय. हा राहू देते, कारण मंडळाचं स्टोरेजही म. जो. यांच्याकडूनच रिकामं करून घ्यायचंय. आपल्यालाही सर्टिफिकेट लागेल, मंडळाचं नाव घालून.

व. का.: ताई, नुसत्या सर्टिफिकेटवर नाव असून भागत नाही, त्याने कसलाही हक्क मिळत नाही. अ‍ॅडिशनल इन्शुअर्डची एंडॉर्समेंट (मंडळालाही त्या पॉलिसीत सामील करणारी पुरवणी) मागा: सीजी २० १० काम चालू असेपर्यंतची, सीजी २० ३७ काम संपल्यानंतरची. दोन्हींच्या प्रती फाइलला लावा.

स. दे.: स्टोरेजवरून आठवलं. मखराच्या खोक्यांशेजारी समया आणि पूजेची चांदीची भांडी आहेत. चुकून ते खोकं ट्रान्सफर स्टेशनला (कचरा जमा करण्याच्या केंद्रावर) गेलं तर जीएल बहुधा देणार नाही, कारण ताब्यात घेतलेला माल 'केअर, कस्टडी, कंट्रोल'च्या एक्स्क्लूजनमध्ये येतो. अशा ठिकाणी लिमिट ५ मिलियन केली तरी हाती शून्यच. त्यासाठी बेलीज कव्हर (ताब्यातल्या परक्या मालाचा विमा) वेगळं घ्यावं लागतं, १० हजार डॉलरचंही पुरे. तळघरातल्या जुन्या रंगाच्या डब्यांचंही तसंच. जिन्यात सांडले तर पोल्युशन एक्स्क्लूजन दाखवतील. ते डबे करारातच वगळा. म. जो., आधी हे दोन्ही बघा, मग दुसरा मिलियन.

म. जो.: करारात 'मिळून' हे शब्द नाहीत, मॅनेजमेंटला आत्ताच इमेल केली. एम्प्लॉयर्स ५०० करायला सांगितलंय. बेलीज कव्हरचा आकडा उद्या येईल, तो आल्याशिवाय मंडळाच्या खोक्यांना हात लावत नाही. ताई, राहणाऱ्या प्रत्येक खोक्याला चारही बाजूंनी लाल टेप लावा, नुसती वरच्या बाजूला नको. खोकी एकावर एक रचली की वरची दिसत नाही. माणसं आत शिरण्याआधी तुम्ही आणि मी मिळून फोटो काढू आणि यादीवर दोघांच्या सह्या करू.

कार्यवाह: टेपची चार रोल आणते. किल्ली प्र. ना. यांच्याकडे आहे ना?