लोकांचं म्हणणं मसुद्यात उतरवायचं तर नेमकं कुठे आणि केव्हा जायचं?

पाणवठा
आमची सहा जणांची संस्था आहे. काम किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसोबत आणि दोन-चार जनावरं राखणाऱ्या दूध उत्पादकांसोबत. तीन विषय एकदम पुढ्यात आलेत: आंतरराष्ट्रीय कर्जातून होणारं बंदर, व्यापार कराराच्या वाटाघाटी आणि देशाचा नवा हवामान आराखडा. तिन्हीकडे सह्यांची निवेदनं दिली. पोच मिळते, पण मसुद्यातला शब्द हलत नाही. कुठे, केव्हा आणि काय घेऊन जायला हवं?

मसुदावाचक
व्यापाराचं सांगतो. ‘दूध उत्पादकांना वाचवा’ ही मागणी वाटाघाटी करणाऱ्याच्या तक्त्यात बसत नाही. त्याच्यासमोर एचएस क्रमांकांची, म्हणजे प्रत्येक मालाला दिलेल्या आंतरराष्ट्रीय जकात क्रमांकांची, यादी असते. पहिले ६ अंक सगळीकडे सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे. ०४०१ म्हणजे न आटवलेलं दूध. भाव पाडते ती मात्र ०४०२.१० मधली भुकटी, म्हणजे १.५ टक्क्यांपर्यंत स्निग्धांश असलेली, कारण ती टिकते, लांबून येते आणि पाणी घालून तिचं पुन्हा दूध होतं. आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतो तो १९०१.९०. वनस्पती तेल घातलेली दूध भुकटी त्यात मोडते. दुग्धपदार्थांचं ०४ वं प्रकरण सवलतीतून पूर्ण वगळून घेतलं आणि हा क्रमांक उघडा राहिला, तर माल तिथून येतो.

निवेदन एका पानाचं करा. प्रत्येक क्रमांकापुढे मागणी उतरत्या क्रमानं लिहा: आधी वगळा, ते जमत नसेल तर ठरावीक टनांपुरतीच सवलत, तेही नसेल तर शुल्ककपात लांब टप्प्यांत, आणि आयात अमुक टनांच्या वर गेली की शुल्क परत चढवण्याची तरतूद. तो टनांचा आकडा तुम्हीच सुचवा, रिकामा सोडू नका.

वेळेचं म्हणाल तर दोन्ही बाजूंनी सवलतींच्या याद्या एकमेकांना देण्याआधी. त्यानंतर मसुदा गुप्त असतो, आणि सही झाल्यावर संसदेपुढे बहुधा अख्खा करार स्वीकारा किंवा नाकारा एवढंच उरतं. वाणिज्य खात्याआधी दुग्धविकास खात्याकडे जा. सरकारच्या आतल्या बैठकीत तुमचा क्रमांक धरून बसणारा माणूस तिथेच मिळतो.

गाळउपसा
बंदराबाबत पहिलं काम म्हणजे पैशाचा माग काढणं. कर्ज थेट जागतिक बँकेचं, आयएफसीचं (म्हणजे जागतिक बँक गटातली, खासगी कंपन्यांना कर्ज देणारी संस्था), की आयएफसीनं एखाद्या व्यापारी बँकेला दिलेल्या पैशातून आलेलं? तिसऱ्या प्रकारात प्रकल्पाचं नाव आयएफसीच्या यादीत दिसेलच असं नाही. कंपनीच्या वार्षिक अहवालात कर्जदात्यांची नावं शोधावी लागतात.

कर्ज मंजूर व्हायचं बाकी असेल तर मंजुरीआधीचा काळच सगळ्यात मोलाचा. ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे पर्यावरण आणि लोकांना सगळ्यात जास्त धोका असलेल्या, प्रकल्पाची कागदपत्रं आयएफसीला संचालक मंडळाच्या बैठकीआधी किमान ६० दिवस आणि ‘ब’ वर्गातल्या प्रकल्पाची ३० दिवस उघड करावी लागतात. हरित हवामान निधीत, म्हणजे विकसनशील देशांना हवामानाच्या कामांसाठी पैसे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीत, ‘अ’ वर्गासाठी ही मुदत १२० दिवसांची आहे.

मंजुरी होऊन गेली असेल तर तक्रार. जागतिक बँकेच्या सरकारी कर्जासाठी १९९३ साली नेमलेलं तपासणी मंडळ, आयएफसीसाठी सीएओ हे तिचं स्वतंत्र तक्रार कार्यालय. तक्रार कोणत्याही भाषेत चालते. दोन्ही ठिकाणी पैसे देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार नाही, हे लोकांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. ते लपवलं तर पुढे लोकांचा विश्वास उडतो.

सगळ्यात जास्त तक्रारी पुराव्यात अडखळतात. गाळउपसा सुरू झाल्यावर मासळी घटल्याचं लिहिलं, की कंपनी म्हणते आधीही एवढीच मिळत होती. काम सुरू होण्याआधी निदान एक पूर्ण वर्ष वही ठेवा: तारीख, बोट, जाळ्याचा प्रकार, जाळं पाण्यात किती तास होतं, मासळीची जात, किलो. तासांचा रकाना कधीही गाळू नका. ५ तासांत ४० किलो आणि ११ तासांत ४० किलो यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नुसते किलो लिहिले तर तो फरक पुसला जातो.

पाणवठा
खूप उपयोगी. तक्रारीला किती जण लागतात? नावं बाहेर आली तर कंत्राटदाराकडून त्रास होण्याची भीती आहे.

गाळउपसा
तपासणी मंडळाला समान हित असलेले दोन किंवा अधिक बाधित लोक लागतात आणि त्यांनी बँकेच्या व्यवस्थापनाकडे आधी म्हणणं मांडलेलं असावं लागतं. त्या पत्रव्यवहाराच्या प्रती जपा. सीएओकडे एकटा माणूसही जाऊ शकतो. नाव गुप्त ठेवण्याची विनंती दोन्हीकडे करता येते, पण ती पहिल्याच पत्रात, पहिल्याच परिच्छेदात करा. संस्थेनं लोकांच्या वतीनं लिहिलं तर त्यांचं लेखी अधिकारपत्र जोडा. सह्यांचे कागद गावात फिरवून नाव गुप्त राहत नाही. अधिकारपत्रं घरोघरी जाऊन घ्या. आणि प्रकल्पाचं कर्जखातं बंद झाल्यावर १५ महिन्यांनी तपासणी मंडळाचं दार बंद होतं, ती तारीख आजच शोधून ठेवा.

तळटीप
हवामानाबद्दल थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक हवामान परिषदेला जाण्यासाठी पैसे साठवू नका. संस्था तिथे निरीक्षक म्हणून बसतात आणि निरीक्षकांना मत नसतं. पॅरिस करारानुसार दर ५ वर्षांनी जो राष्ट्रीय आराखडा द्यावा लागतो तो देशातच, मंत्रालयात लिहिला जातो. ‘किनारी समुदायांचं संरक्षण’ असं वाक्य त्यात असेल तर ते बदलून घ्या: किती किलोमीटर खारफुटी, कोणत्या वर्षापर्यंत, कोणतं खातं, कुठल्या तरतुदीतून. यातलं काही सुटलं तर पाठपुरावा करायला हातात काही राहत नाही.

दुसरं, हरित हवामान निधीच्या प्रकल्पाला देशातल्या नियुक्त प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र लागतं. हे प्राधिकरण बहुधा अर्थ किंवा पर्यावरण मंत्रालयातला एक छोटा कक्ष असतो. मसुदा येण्याआधी त्या कक्षाला तुमच्या किनाऱ्याचा नकाशा आणि वरच्या वहीचा गोषवारा देऊन या.