टॅमॉक्सिफेनवर अस्तर ११ मिमी, पिशवी काढायची का?

प्रश्न
वय ५८, पाळी जाऊन ७ वर्षं. स्तनाच्या कॅन्सरसाठीची टॅमॉक्सिफेन गोळी २० मिग्रॅ रोज, दोन वर्षं झाली. अंगावरून काहीही जात नाही. पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ११ मिमी, त्यात बारीक पोकळ्या. एक डॉक्टर म्हणतात पिशवी काढा, दुसरे म्हणतात लेट्रोझोलवर (त्याच कॅन्सरसाठीची दुसरी गोळी) जा. कुणाचं ऐकायचं?

उत्तर १
नुसत्या ११ मिमीवर पिशवी काढत नाहीत. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला (स्त्री-हार्मोनला) अडवतं, गर्भाशयात मात्र स्वतःच इस्ट्रोजेनसारखं वागतं. अस्तराखालचा थर फुगतो, त्यात पोकळ्या होतात आणि मोजताना तोही अस्तरातच धरला जातो. त्रास नसताना दरवर्षी सोनोग्राफी करा असं म्हणूनच सांगत नाहीत. नको तेवढ्या बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) तेवढ्या वाढतात.

लक्ष ठेवायचं ते डागावर. गुलाबी, तपकिरी, एकच थेंब का असेना, त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. मग जाडी कितीही असो, तुकडा तपासायचाच, तोही शक्यतो दुर्बिणीतून बघून. नुसतं क्युरेटिंग (अस्तर खरवडणं) केलं की पॉलिप (अस्तरावरची लोंबती गाठ) निसटतो, आणि या गोळीवर पॉलिप बरेच होतात. गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका खरा आहे, पण लहान: टॅमॉक्सिफेन पाच वर्षं की दहा हे तपासणाऱ्या अ‍ॅटलास चाचणीत पाच वर्षांनी थांबलेल्यांत १.६ टक्के, दहा वर्षं घेणाऱ्यांत ३.१.

उत्तर २
लेट्रोझोलने अस्तर वाढत नाही हे खरं, पण इस्ट्रोजेन जवळजवळ संपतं. योनी कोरडी पडते, संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला पुन्हा पुन्हा जळजळ होते. सांधे धरतात ते वेगळंच. बदलायचंच ठरलं तर हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल पहिल्यापासून ठेवा: आठवड्यातून ३-५ रात्री, संबंध असोत वा नसोत. आत तर घालाच, पण योनीच्या तोंडाशीही बोटाने लावा. आग तिथेच जास्त होते आणि नेमकं तेच राहून जातं. चार दिवसांत फरक पडत नाही, दोन-तीन महिने द्या. संबंधाच्या वेळी याशिवाय वेगळं वंगण लागतंच. खोबरेल तेलही चालतं.

उत्तर ३
खोबरेल कंडोमसोबत नको, लेटेक्स फाटतं. तिथे पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण घ्या. आणि दुकानातून एस्ट्रिऑल क्रीम (योनीत लावायचं इस्ट्रोजेन) परस्पर आणू नका, लेट्रोझोलवर तर नाहीच. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

पाळी चालू असलेल्या कुणी हे वाचत असतील तर: टॅमॉक्सिफेनवर पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात आणि गोळीने गर्भाला इजा होते. कॉपर टी बसवा, हार्मोनवाली नको.