मदत हवी आहे: भावाची अन्ननलिका फाटली, हलवू की नको?

विटेकर: दादाला रात्री हार्ट अटॅक म्हणून अ‍ॅडमिट केलं. आज सीटी झाल्यावर म्हणतात अन्ननलिका फाटली आहे. छातीत डावीकडे नळी घातलीय, सव्वा लिटर गढूळ पाणी निघालं. डॉक्टर म्हणतात मिरजेला न्या, काका म्हणतात हलवू नका. ऑपरेशनशिवाय भरून येतं का? लवकर सांगा.

निवृत्त सर्जन: वय? दुखायच्या आधी उलटी झाली होती का? किती वाजता? एंडोस्कोपी केली होती का? ताप, बीपी, लघवी? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

मोरपंख: माझ्या मिस्टरांनाही छातीत खूप जळजळ व्हायची. संध्याकाळी सातला जेवण आणि कोकम सरबत, महिन्याभरात फरक पडला.

आयसीयू सिस्टर: ताई, हात जोडते, असलं इथे सांगू नका. या पेशंटला तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नसतो. गिळलेलं सगळं छातीत उतरतं.

विटेकर: वय ४६. एंडोस्कोपी नाही. लग्नाचं जेवण झालं होतं, ११ वाजता उलट्या सुरू. चौथ्या उलटीला जोरात ओरडला. मानेवर दाबलं की कुरकुर वाजतं. ताप १०१, बीपी ठीक. आता संध्याकाळचे ५ वाजलेत.

निवृत्त सर्जन: म्हणजे १८ तास. उलटी, लगेच छातीत कळ, मग कातडीखाली हवा. हा बोअरहावे सिंड्रोम, म्हणजे जोराच्या उलटीने अन्ननलिका फाटणं. अटॅक समजून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन किंवा रक्त पातळ करणारी औषधं दिली का? हे मिरजेला सगळ्यात आधी सांगा. शक्यतो २४ तासांच्या आत छाती उघडून धुतात आणि भोक शिवतात. त्यानंतर कडा सुजून टाके धरणं अवघड होतं.

सासवडकर: ऑपरेशनची घाई नको. माझ्या सासऱ्यांना नुसता स्टेंट, म्हणजे भोक आतून झाकणारी नळी, टाकला, महिन्यात जेवायला लागले. स्टेंटच मागा.

निवृत्त सर्जन: त्यांची कशाने फाटली होती?

सासवडकर: एंडोस्कोपी करताना.

निवृत्त सर्जन: तेव्हा पोट रिकामं होतं, लगेच कळलंही असेल. इथे लग्नाचं जेवण छातीत गेलंय. स्टेंट टाकला तरी ती घाण काढावीच लागते.

जुना वाचक: हर्मन बोअरहावे यांनी १७२४ मध्ये डच अ‍ॅडमिरल वासेनारची केस लिहिली. भरपेट जेवण, मग ओकारीचं औषध. शवविच्छेदनात छाती उघडली तर बदकाच्या मांसाचा वास आला. शिवून पेशंट वाचायला १९४७ उजाडलं.

सासवडकर: माणूस घाबरलाय, इतिहास कशाला?

जुना वाचक: आता शिवता येतं, हेच सांगतोय.

आयसीयू सिस्टर: विटेकर, अँटिबायोटिक सुरू आहेत ना? सीटीची सीडी आणि औषधांचा कागद सोबत घ्या. जनआरोग्य योजनेचं तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, त्यासाठी इथे थांबू नका.

विटेकर: अँटिबायोटिक सकाळपासून. रक्त पातळ करायचं एक इंजेक्शन रात्री दिलंय, कागदावर लिहून घेतलं. काकांना समजावलं. मिरजेला फोन झाला, सर्जन थांबलेत. अ‍ॅम्ब्युलन्स आली. वाटेत छातीची नळी बंद करायची का?

आयसीयू सिस्टर: नाही. नळी चालू ठेवा, पिळ पडू देऊ नका. बाटली सरळ आणि छातीच्या खाली. स्ट्रेचर उचलताना ती एकाने हातात धरायची, पोटावर ठेवायची नाही.

विटेकर: मी धरतो. निघालो.