परदेशी इंटर्नशिप: जाऊन आलेल्यांनी सांगा, जाता जाता राहिलेल्यांनी पण सांगा

धागा काढायचं कारण माझी भाची. सांगलीत कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा रात्री साडेदहाला फोन, मावशी मला इंटरनॅशनल इंटर्नशिप लागली. घरात सगळे खूश, ताईने तर पेढे सांगितले. मग पत्र वाचायला घेतलं तर चार आठवडे, पगार नाही, काम काय ते लिहिलेलं नाही, पण "प्रोसेसिंग" म्हणून ४५ हजार आठ दिवसांत भरा, सर्टिफिकेट नक्की. मला काही हे पटेना पण मी बी.कॉम., माझं कोण ऐकणार. तर ज्यांनी खरोखर कॉलेजात असताना बाहेर जाऊन काम केलंय त्यांनी सांगा, कसं मिळालं, पैसे कुणी दिले, काय फसलं. फाफटपसारा चालेल, वेळ आहे मला.

वहिफणी

मी इचलकरंजीचा, टेक्स्टाईल केलं. २०२२ च्या उन्हाळ्यात जर्मनीत आखेनला होतो, डाडच्या (DAAD, जर्मनीची स्कॉलरशिप देणारी संस्था) वाईझ (WISE) स्कॉलरशिपवर. ही आपल्याकडच्या सायन्स-इंजिनीअरिंगच्या डिग्रीवाल्या पोरांसाठी आहे, पण गंमत अशी की फॉर्म भरायच्या आधी तिकडच्या प्रोफेसरचं बोलावणं आपलं आपण मिळवायचं. फॉर्मची तारीख साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते, म्हणजे गणपती उठले की मेल टाकायला बसायचं, दिवाळी बघू म्हणलं की संपलं.

मी ६३ मेल टाकले. पहिले ४० एकाच साच्यातले, रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली इंटरेस्टेड वगैरे, नाव तेवढं बदलायचं आणि एकात तर तेही बदलायचं राहिलं. एकाचंही उत्तर नाही. मग आमच्या एका सरांना दाखवला तर म्हणाले अरे तू मागावर वाढलायस ते कुठाय यात? मग एक पेपर घेऊन चार दिवस बसलो, कार्बन फायबरच्या विणीवरचा होता, त्यातली एक आकृती मला कळेना तर तेच विचारलं की इथं ताण वाढवल्यावर कडेला असं का होतंय, आणि खाली लिहिलं घरी आठ माग आहेत, सूत तुटलं की आमच्याकडं हे असं करतात. पुढच्या २३ मेलना चार उत्तरं आली, तीन नाही आणि एक हो. हो पण कसं, दीड ओळीचं. मला वाटलं चुकून आलंय.

तिथली एकच गोष्ट सांगतो. तिसऱ्या आठवड्यात ट्रायलला पॉलिएस्टरचा ताणा (उभं सूत) चढवला होता आणि मधली सात-आठ टोकं एकदम गेली. तिथला टेक्निशियन, पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावरनं खाली घेऊन एकेक टोक हुकनं ओढत बसलेला. मी विचारलं करू का. वहीतनं (मागावरच्या, सूत ओवायच्या डोळ्यांतनं) घेतलं, फणीतनं काढलं, गाठ मारली, शेपूट नखानं तोडलं. आमची आजी वहिफणीला, म्हणजे हे सूत ओवायच्या कामाला जायची, सुट्टीत तिच्याशेजारी बसून शिकलेलं, कॉलेजात याला मार्क नाहीत. तो बघतच राहिला आणि म्हणाला "नोखमाल", म्हणजे परत करून दाखव. परत करून दाखवलं. त्या दिवसापासनं मला मशीनला हात लावायला कुणाला विचारावं लागलं नाही, त्याआधी मी फक्त एक्सेल भरत होतो.

पैशाचं: महिन्याची रक्कम, विमान आणि विमा स्कॉलरशिपमधनंच होता. पण खोलीचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं आधी खिशातनं, त्यासाठी वडिलांनी पतसंस्थेतनं उचल घेतली. हे कुणी सांगत नाही, स्कॉलरशिप म्हणलं की लोकांना वाटतं सगळं फुकट. मग मी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या साठवायला लागलो, दुकानात मशीन असतं, बाटली आत टाकली की २५ सेंट परत, शनिवारी तेवढ्यात ब्रेड निघायचा. (शनिवारीच, कारण रविवारी दुकानं बंद. पहिल्या रविवारी मी उपाशी.) आणि त्या वर्षी जून ते ऑगस्ट जर्मनीनं ९ युरोत महिनाभर लोकल गाड्या काढल्या होत्या, त्याच्यावर कोलोन बघितलं, ड्युसेलडॉर्फ बघितलं, जेवढं बघता येईल तेवढं उभ्यानं बघितलं.

तुमच्या भाचीच्या पत्रावर जिच्या किंवा ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याचं नाव आहे का? नसेल तर मला तरी ते पत्र वाटत नाही.

पोदेर

म्हापसा. हॉटेल मॅनेजमेंट. आमच्यात अमेरिकेची जे-वन (व्हिसाचं नाव) म्हणजे बारा महिन्यांची इंटर्नशिप, हॉस्पिटॅलिटीला त्याहून जास्त देत नाहीत. मी २०१९ ला गेले. एजंटने तीन लाखांच्या वर घेतले, त्यात काय काय धरलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. सेविसचे (तिकडच्या सरकारी नोंदणीची फी) तेव्हा २२० डॉलर आणि व्हिसाचे १६० डॉलर वेगळे, ते तरी पावतीवर दिसले.

गोष्ट अशी की कागदावर फ्रंट ऑफिस, किचन, हाऊसकीपिंग असं फिरवणार होते आणि मी चार महिने फक्त चादरी ओढत होते. रोज चौदा खोल्या. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशात दुमडायचा, उशीची चेन दाराकडून दिसता कामा नये, अजून घरी पाहुणे आले की माझा हात तसाच जातो. राहायची खोली हॉटेलची आणि भाडं पगारातून कापून, तीन मुलींत एक बाथरूम. मग बरोबरच्या एका फिलिपिनो मुलीने विचारलं तुझा डीएस-७००२ कुठे आहे. तो ट्रेनिंग प्लॅनचा फॉर्म असतो, कुठल्या टप्प्यात कुठलं काम, कोण शिकवणार, सगळं लिहिलेलं असतं आणि त्यावर हॉटेलची, स्पॉन्सरची (व्हिसासाठी आपली जबाबदारी घेणारी संस्था) आणि आपली पण सही असते. माझी सही होती! मी वाचलाच नव्हता. एजंटच्या ऑफिसात वीस कागदांवर फुल्या मारलेल्या तिथे सह्या करून आलेले. तो काढला, स्पॉन्सरला मेल केला की प्लॅनप्रमाणे मी आता फ्रंट ऑफिसला असायला हवी होते. मॅनेजर आठवडाभर बोलला नाही पण सोमवारी डेस्कवर उभी केली.

जा, पण सही करताना वाचा आणि झेरॉक्स घरी ठेवून जा.

नारळीपाक

@पोदेर आमच्या बॅचचे अर्धे मॉरिशसला गेले, मी पण, सहा महिने. स्टायपेंड फार नाही पण राहणं जेवण हॉटेलचं, त्यामुळे हातात उरतो. एक मजा सांगते. लाँड्रीत एक वयस्कर बाई होत्या, क्रिओल बोलायच्या, मी फोनवर आईशी बोलत होते तर थांबून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या "काय झाला?" त्यांचे पणजोबा कोकणातले. तिथे मराठी लोकांची जुनी वस्ती आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते हे मला तिथे जाऊन कळलं. त्यांच्याकडे मोदक खाल्ले, गूळ वेगळा लागतो.

झालंनाहीवाला

मी राहिलेल्यांपैकी. बारा आठवड्यांची रिसर्च इंटर्नशिप, देशाचं नाव नको. सिलेक्शन डिसेंबरमध्येच झालेलं, सगळ्या ग्रुपवर अभिनंदन, आईने देवाला अभिषेक पण केला. मग कॉलेजचं एनओसी. एचओडी म्हणाले प्राचार्यांची सही आणा, प्राचार्य म्हणाले एचओडींचं शिफारसपत्र जोडा, क्लार्क म्हणाला असा फॉर्मॅटच नाही आपल्याकडे. पाच आठवडे गेले त्यात. तेवढ्यात युनिव्हर्सिटीची परीक्षा मेमधून जूनमध्ये सरकली, म्हणजे माझी जायची तारीख आणि मॅथ्सचा पेपर एकाच दिवशी. प्रोफेसर बिचारे चांगले, म्हणाले उशिरा ये. पण तोवर व्हिसाची तारीख मिळेना आणि मिळाली तेव्हा पासपोर्ट परत आला ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. व्हिसा मंजूर होता. स्टिकर अजून आहे पासपोर्टमध्ये, छान दिसतो.

शिकलो एवढंच की एनओसी सिलेक्शनच्या आधी टाईप करून सही घेऊन ठेवायचं, तारखेची जागा मोकळी. चुकीचं असेल पण चालतं.

सोयाबीन भाव

इथं सगळे इंजिनीअर दिसतात म्हणून लिहितो. मी परभणीच्या कृषी विद्यापीठातला. नाहेप म्हणून आयसीएआरचा (भारतीय कृषी संशोधन परिषद) प्रकल्प होता, जागतिक बँक आणि भारत सरकारचा निम्मा-निम्मा पैसा, त्यातनं आमच्यातल्या काही पोरांना बाहेर पाठवलं. मी थायलंडला एआयटीला (एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी), बँकॉकच्या उत्तरेला आहे. पहिल्यांदा विमान, पहिल्यांदा समुद्रावरनं, माझ्या बापानं विमानतळावर पिशवीत भाकरी दिल्या होत्या तीन दिवसांच्या.

काम होतं ड्रोनच्या फोटोवरनं भाताला पाणी कुठं कमी पडतंय ते काढायचं. आपल्याकडं शेतात पाय घातला की टाचेला कळतं ओल किती हाय, तिथं तेच रंगात बघायचं. मी सरांना म्हणलं हे आमच्या कापसाला चालेल का तर ते म्हणले चालवून बघ, तुझ्याकडं जमीन आहे. खाण्याचे हाल झाले, कशातबी माशाचं पाणी. शेंगदाण्याच्या चटणीवर महिना काढला, आणि शेवटी एक व्हिएतनामी पोरगा माझी चटणी नूडल्समध्ये घालून खायला लागला तेव्हा डबा लपवावा लागला.

मेल-बिल मी काही केलं नव्हतं. विद्यापीठाच्या नोटीस बोर्डावर कागद होता, इंग्रजीत, बारीक अक्षरात. पन्नास जण त्याच्यासमोरनं रोज चहाला जायचे.

बटरपेपर

आर्किटेक्चर. आम्हाला एक सेमिस्टर ऑफिसात ट्रेनिंग करावंच लागतं, मी हट्टाने कोलंबो निवडलं कारण जेफ्री बावा या तिथल्या आर्किटेक्टची घरं बघायची होती. तारीख बघा, जानेवारी २०२२, श्रीलंकेचं आर्थिक संकट. मार्चअखेर दिवसाला तेरा तेरा तास लाईट नाही, पेट्रोलच्या रांगा चौकाला वळसा घालून, टुकटुक मिळेना, रोज दीड तास चालत ऑफिस. कॉम्प्युटर बंद म्हटल्यावर मोठ्या सरांनी कपाटातून टी-स्क्वेअर काढला आणि खिडकीजवळ टेबल ओढून आम्हा चार इंटर्नना बटरपेपरवर हाताने सेक्शन (इमारतीचा उभा छेद) काढायला बसवलं. उजेड सरकेल तसं टेबल सरकवायचं, दुपारपर्यंत आम्ही आख्खी खोली पार केलेली असायची. आई रोज रडायची ये म्हणून. तीन महिन्यांत मी जेवढं चित्र काढलं तेवढं आधीच्या चार वर्षांत नाही काढलं. स्टायपेंड मात्र रुपया घसरल्यामुळे आपल्या पैशात बघता बघता निम्मा झाला, श्रीलंकेचा रुपया म्हणजे, त्याचं कुणी काय करणार.

अर्धा कप

थोडक्यात. फिजिक्स, सर्नचा (जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा) समर स्टुडंट. भारत २०१७ पासून तिथे असोसिएट मेंबर आहे. भत्ता फ्रँकमध्ये आणि चांगला, पण जिनिव्हात कॉफी घेताना पण गुणाकार करायची सवय लागते म्हणून आम्ही किराणा आणायला चालत फ्रान्समध्ये जायचो, हद्द अगदी शेजारी. भारताने दिलेली नटराजाची मूर्ती आहे आवारात, तिच्यापुढे आम्ही भेटायचो कारण बिल्डिंगचे नंबर कुणालाच सापडत नाहीत, एका नंबरच्या शेजारी पुढचा नंबर असेलच असं नाही. फॉर्म फुकट होता. मेलमध्ये पैसे मागितले तर तो सर्न नव्हे.

रिटायर्ड मास्तर

एक भीतीची गोष्ट घालतो, माफ करा. २०२२ च्या सप्टेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने इशारा काढला होता, थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी म्हणून कॉम्प्युटर येणाऱ्या मुलांना बोलवायचे आणि तिथून म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपायचे. माझा एक माजी विद्यार्थी तिकिटासकट तयार होता. त्याच्या काकांनी सहज विचारलं बाळ व्हिसा कसला, तर टुरिस्ट. कामाला चाललाय आणि व्हिसा टुरिस्ट! तिकीट फाडलं. एजंट नोंदणीकृत आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर बघता येतं.

झालंनाहीवाला

आणि हो, कॉम्प्युटरवाल्या मुलीला कुठे जायचंच कशाला, गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, घरी बसून परदेशी मेंटरखाली काम, पैसे ते देतात आपण नाही. माझ्या रूममेटने सोलापुरात गच्चीवर बसून केलं, खाली रेंज नव्हती म्हणून.

मावशी (धागाकर्ती)

सगळं वाचलं, ताईला पण वाचून दाखवलं, चटणीच्या डब्यावर ती हसली पण लाईट नाही म्हटल्यावर गप्प झाली.

तर काल भाचीने त्या लोकांना मेल करून विचारलं की माझा सुपरवायझर कोण, काम काय आणि व्हिसा कुठला. वीस मिनिटांत उत्तर, तिन्हींपैकी एकाचंही नाही, फक्त "शेवटच्या दोन सीट, आज भरल्यास दहा टक्के सवलत". ताईने पेढ्यांची ऑर्डर रद्द करायला फोन केला तर दुकानदार म्हणाला झाले तयार, आता घ्यावेच लागतील. त्यामुळे अर्धा किलो पेढे आहेत घरात आणि इंटर्नशिप नाही. भाची दोन दिवस रुसली होती, आज सकाळपासून कुठल्यातरी प्रोफेसरचा पेपर उघडून बसलीय.

@वहिफणी ती विचारतेय पहिला मेल तुम्हाला दाखवला तर चालेल का.

वहिफणी

पाठवू दे की. पण रिस्पेक्टेड सर असेल तर मी वाचणार नाही म्हणावं. आणि पेढे ठेवा दोन.